जेवण विसरणे आणि जेवण टाळणे

कॉलेजातून डबा न उघडताच परत येतो, अभ्यासात लक्ष लागत नसल्याची तक्रार असते आणि रात्री उशिरा फ्रीजपाशी खुडबुड ऐकू येते. एवढ्यावरून मुलीला एडीएचडी (लक्ष टिकत नाही आणि उतावळेपणा असतो, असा लहानपणापासूनचा विकार) आहे की खाण्याचा विकार, हे सांगता येत नाही, कारण या खुणा दोन्हींत दिसू शकतात.

डब्याची चौकशी केली की फरक थोडा उलगडतो. एडीएचडी असलेली मुलगी बहुधा 'अगं आई, राहिलाच की!' म्हणते आणि गार पोळी-भाजी ओट्यापाशी उभ्यानेच खाऊ लागते, कारण हातातल्या कामाच्या नादात तिला भुकेचे भानच राहिलेले नसते. अ‍ॅनोरेक्सियात (वजन वाढण्याच्या भीतीने खाणे टाळण्याच्या विकारात) मात्र 'मैत्रिणीकडे खाल्लं', 'पोट बरं नव्हतं' अशी उत्तरे आधीपासून तयार असतात. इथे डबा विसरलेला नसतो. पोळीला तेल किती लागले असेल, याचा हिशेब सकाळपासून डोक्यात चालू असतो.

ज्या डोक्यात असा हिशेब चालतो, त्यात अभ्यासाला जागा उरत नाही. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात 1944-45 मध्ये शरीरशास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी 36 निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले, तेव्हा त्यांचे मन सतत अन्नाभोवती घुटमळू लागले, काहींनी तर पाककृतींची पुस्तके जमवली, आणि चित्त एकाग्र होत नसल्याची तक्रार त्यांनी केली. हे लक्ष न लागणे उपासमारीतून आलेले होते. म्हणून आधी काय सुरू झाले, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एडीएचडीच्या निदानासाठी काही लक्षणे वयाच्या 12 वर्षांआधीपासून असावी लागतात; शाळेत नीट लक्ष देणारी मुलगी वजन घटल्यानंतर भरकटू लागली असेल, तर आधी तिच्या ताटाकडे पाहावे.

रात्रीच्या खाण्याचा उलगडा इतका सरळ नाही. दिवसभर उपाशी राहिलेला माणूस रात्री जास्त जेवणारच. पण थोड्या वेळात खूप खाणे, ते थांबवताच येत नाही असे वाटणे, नंतर तीव्र अपराधीपणा येणे आणि हे आठवड्यातून किमान एकदा, तीन महिने घडणे, याला बिंज ईटिंगचा विकार म्हणतात. हा विकार, तसेच बुलिमिया (खूप खाऊन नंतर उलटी वगैरे करून ते भरून काढण्याचा विकार), एडीएचडीसोबत एकाच व्यक्तीत आढळू शकतो, आणि उतावळेपणा हा त्यांच्यातला एक दुवा मानला जातो.

औषधाने गुंता आणखी वाढतो. एडीएचडीसाठी दिले जाणारे मिथाइलफेनिडेट दिवसा भूक मारते आणि संध्याकाळी त्याचा असर ओसरला की भूक उसळते, म्हणजे गोळीमुळेही तोच न उघडलेला डबा आणि तीच फ्रीजपाशची खुडबुड. मिथाइलफेनिडेटप्रमाणेच मेंदूला उत्तेजन देणाऱ्या औषधांच्या वर्गातल्या लिसडेक्सअ‍ॅम्फेटामिनला अमेरिकेत 2015 मध्ये प्रौढांच्या मध्यम ते तीव्र बिंज ईटिंगसाठी मान्यता मिळाली, वजन घटवण्यासाठी नव्हे. अ‍ॅनोरेक्सिया असलेल्या मुलीला मात्र भूक मरणे हाच औषधाचा फायदा वाटू शकतो, त्यामुळे गोळी लिहून देण्यापूर्वी वजनाचा आणि खाण्याचा इतिहास विचारला जाणे आवश्यक असते.