दारात उभे मुख्याध्यापक

मुख्याध्यापक वर्गाच्या दारात दिसले की मागच्या बाकावरची कुजबुज थांबते आणि बाईंचा आवाज आपोआप चढतो. दोन मिनिटांनी सर पुढच्या वर्गाकडे वळतात. अशा फेऱ्यांनी शिकवणं सुधारतं का?

अमेरिकेत फ्लोरिडातल्या मायामी-डेड शालेय जिल्ह्यात जेसन ग्रिसम, सुझॅना लोएब आणि बेंजामिन मास्टर यांनी हे तपासलं. सुमारे १०० मुख्याध्यापकांच्या मागे निरीक्षक अख्खा दिवस फिरले आणि कोणत्या कामाला किती वेळ जातो ते टिपत राहिले. २०१३ साली निष्कर्ष छापून आले. अध्यापनाशी संबंधित कामांना मिळत होता १२.७ टक्के वेळ. त्यात सर्वांत मोठा वाटा वर्गफेऱ्यांचा, ५.४ टक्के, शिक्षकासोबत बसून त्याच्या शिकवण्यावर बोलण्याचा जेमतेम अर्धा टक्का. आठ तासांचा दिवस धरला तर फेऱ्यांना २६ मिनिटं आणि बोलण्याला अडीच मिनिटंही नाहीत!

गंमत पुढे आहे. मोजमाप मुलांच्या गुणांतल्या प्रगतीचं होतं. जिथे शिक्षकांशी असं बोलणं जास्त, तिथे प्रगती चांगली दिसली. जिथे फेऱ्या जास्त, तिथे उलट चित्र, विशेषतः माध्यमिकच्या वरच्या वर्गांत. फेऱ्यांमुळेच मुलं मागे पडली, असं मात्र यावरून म्हणता येत नाही. शाळा अडचणीत असेल तर मुख्याध्यापक जास्त फिरतही असतील. पण एक धागा सापडतो. फेरीतून शिक्षकाला काही शिकायला मिळतं असं जिथे मानलं जात नव्हतं, तिथे हे नातं सर्वाधिक नकारात्मक होतं. पाहिलेलं मनातच ठेवून सर निघून गेले, तर शिक्षकाच्या हाती उरते ती नुसती धास्ती.

न्यूझीलंडच्या व्हिव्हियन रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हाही असंच काहीसं दिसलं. मुलांच्या शिकण्याशी सर्वांत घट्ट नातं निघालं ते शिक्षकांच्या शिकण्यात स्वतः सामील होणाऱ्या प्रमुखांचं. म्हणजे शिक्षकांना प्रशिक्षणाला धाडून आपण कार्यालयात फायली उपसत बसणाऱ्यांचं नव्हे.

आपल्याकडे पाठनिरीक्षणाचा शेरा लॉगबुकात लिहायची पद्धत जुनीच. ‘पाठ समाधानकारक’ या दोन शब्दांखाली सही झाली, की बहुतेकदा वही मिटते. अपूर्णांकाच्या तासाला मुलं नेमकी कुठे अडली, हे त्या सहीनंतर बाईंना कोणी विचारतं का?