दोन मैलांचा नॉव्हिस, तीन मैलांचा नॉव्हिस

मार्चमध्ये इंग्लंडमधला चेल्टनहॅमचा उड्यांच्या रेसचा महोत्सव जवळ आला की नॉव्हिस, म्हणजे कुंपणांच्या रेसमधल्या नवख्या घोड्यांवरून रेसवाल्या मित्रांचा तोच प्रश्न सुरू होतो: "यंदाचा सगळ्यात भारी नॉव्हिस कुठला?" मी विचारतो, आर्कलसाठी की ब्राउन अ‍ॅडव्हायजरीसाठी? "काय फरक पडतो, दोन्ही नॉव्हिसच ना!"

पडतो. दोन्ही नॉव्हिसच्या रेस, पण आर्कल मंगळवारी, साधारण दोन मैल. दुसरी बुधवारी, तीन मैलांहून जरा जास्त. दोन्ही ग्रेड वन, म्हणजे सर्वोच्च दर्जाच्या.

नॉव्हिस म्हणजे आपल्या महालक्ष्मी रेसकोर्सवरचा मेडन नव्हे, हेही एकदाच सांगून टाकतो. मेडन एक रेस जिंकला की मेडन राहत नाही. नॉव्हिसने हंगाम सुरू होण्याआधी एकही स्टीपलचेस (उंच कुंपणांवरून उड्या मारायची रेस) जिंकलेली नसावी, एवढंच; मग त्या हंगामात चार जिंकल्या तरी तो नॉव्हिसच. आणि हे घोडे बहुतेक सहा-सात वर्षांचे असतात. त्यांना शिंगरू म्हणणं कृपा करून थांबवा.

आता खरी गोम. फ्लॅट रेसिंगवर, म्हणजे बिनउड्यांच्या रेसवर वाढलेला माणूस लगेच म्हणतो, एक स्प्रिंटर (कमी अंतराचा वेगवान), दुसरा स्टेयर (लांब अंतराचा दमदार), संपलं. पण इथे दमाआधी उडी बघायची असते. कुंपण किमान साडेचार फुटांचं. दोन मैलांच्या वेगात घोड्याने लांबूनच, टाप न मोडता झेपावायचं आणि पलीकडे उतरताच पळत सुटायचं. जमलं तर एका उडीत एक लेंथ, म्हणजे एका घोड्याच्या लांबीएवढी आघाडी मिळते. चुकलं तर सावरायला वेळच नसतो.

तीन मैलांत वीसच्या आसपास कुंपणं. त्यातली काही चुकीच्या अंतरावर येणारच. तिथे हुशार घोडा दोन टापा आखूड टाकतो, जवळ जाऊन टुणकन उडी घेतो, श्वास राखून पुढे निघतो. हीच उडी आर्कलमध्ये दर वेळी अर्धी लेंथ खाईल. व्हिडिओत ती दिसतेही अगदी मिळमिळीत. म्हणून लोक लांबून झेपावणाऱ्या देखण्या घोड्यावर तीन मैलांसाठी पैसे लावतात, आणि शेवटच्या चढावर त्याचे पाय जड झाले की जॉकीला शिव्या घालतात.

२०१२ साल आठवा. आर्कल 'स्प्रिंटर साक्रे' नावाच्या घोड्याने जिंकली, तीन मैलांची नॉव्हिस रेस 'बॉब्स वर्थ'ने. तबेला एकच, निकी हेंडरसनचा. दोघांवर जॉकीही एकच, बॅरी जेराटी. पुढच्या वर्षी साक्रेने दोन मैलांची चॅम्पियन चेस १९ लेंथने मारली. बॉब्स वर्थ चेल्टनहॅमच्या सगळ्यात मानाच्या गोल्ड कपमध्ये उतारावर मागे पडल्यासारखा वाटत होता, पण चढावर दम काढून सात लेंथने जिंकला. या दोघांत भारी कोण, हे विचारण्यात काय अर्थ आहे?

माझं मन विचाराल तर बॉब्स वर्थच्या बाजूने. सकाळी बघायला साक्रे, पैसे लावायला बॉब्स वर्थ.

आणि गंमत बघा: दोन मैलांच्या रेसला ज्याचं नाव दिलंय, तो आर्कल घोडा १९६३ मध्ये जिंकला होता ती ब्रॉडवे चेस, म्हणजे आजची बुधवारची तीन मैलांची. त्यानंतर १९६४ ते १९६६ सलग तीन गोल्ड कप.