टर्बो गाडी घाटातच मिसिंग का मारते?

खंबाटकी घाट चढताना तिसऱ्या गियरला पाय दाबला की माझी गाडी धक्के मारायला लागायची, चेक इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकायचा, आणि घाट संपून साताऱ्याकडे सपाटीला लागलो की सगळं एकदम स्मूथ, जसं काही झालंच नाही. एक लिटरचं तीन सिलिंडरचं टर्बो पेट्रोल इंजिन, ६० हजार किलोमीटरच्या पुढे गेलेलं. गॅरेजमध्ये नेली तर तिथे उभ्या गाडीत काहीच सापडेना, स्कॅनरवर दिसलं की मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय, मग इंजेक्टर साफ करून दिले. पुढच्या वेळी तोच घाट आणि तेच धक्के. तेव्हा मी ठरवलं की हे नक्की काय होतंय ते नीट समजून घ्यायचं.

मिसफायर म्हणजे सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोल आलं, पिस्टनने दाबलंही, पण ते पेटलंच नाही किंवा अर्धवट पेटलं. २४०० आरपीएमला माझ्या इंजिनात सेकंदाला ६० वेळा पेट घ्यायला हवा, त्यातले दोनचार चुकले तरी अंगाला जाणवतं. आता गाडीच्या कॉम्प्युटरला, म्हणजे ईसीयूला, हे कळतं कसं? सिलिंडरच्या आत तर कोणी बघत नाही. क्रँकशाफ्टला, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याला, एक दातेरी चाक असतं, बऱ्याच गाड्यांत ६० दात्यांची जागा आणि त्यातले दोन मुद्दाम गाळलेले, आणि समोरचा सेन्सर प्रत्येक दाता जायला किती वेळ लागला ते मोजत असतो. सिलिंडर पेटला की क्रँकला छोटासा रेटा मिळतो, नाही पेटला तर तेवढ्यापुरता वेग पडतो, आणि तो कोणाच्या पाळीला पडला यावरून सिलिंडरचा नंबर कळतो. मला हे फार आवडतं, नुसत्या वेळेच्या मोजमापावरून आतली आग ओळखायची!

ईसीयूने नोंदवलेला माझा बिघाडाचा कोड होता पी०३०२, म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर. पी०३०० आला असता तर ठराविक एक सिलिंडर नाही, कुठेही होतंय असा अर्थ. पण कोड फक्त कुठे ते सांगतो, का ते सांगत नाही, आणि इथेच बरेच लोक पार्ट बदलत सुटतात आणि पैसे घालवतात.

ते पेट्रोल कमी असल्याचं रीडिंगही फसवंच होतं. एक्झॉस्टमधला सेन्सर ऑक्सिजन मोजतो, पेट्रोल नाही. न पेटलेल्या सिलिंडरमधून पेट्रोल तसंच बाहेर पडतं आणि त्याच्यासोबत न वापरलेला ऑक्सिजनही, मग सेन्सरला वाटतं हवा जास्त झाली आणि ईसीयू उलट अजून पेट्रोल ओततो.

खरा धागा मिळाला तो फ्रीझ फ्रेममध्ये. कोड पडतो त्या क्षणाचे आकडे ईसीयू साठवून ठेवतो, आरपीएम, लोड, इंजिनचं तापमान वगैरे. माझ्यात आरपीएम २१०० च्या आसपास, लोड जवळजवळ पूर्ण, इंजिन गरम. म्हणजे टर्बो पूर्ण जोरात हवा कोंबत असताना. (कोड घाईने उडवला की ही माहितीही जाते, म्हणून आधी फोटो काढून ठेवा.)

आता बूस्टमध्येच, म्हणजे टर्बो हवा कोंबत असतानाच का? ठिणगी उडायची तर प्लगच्या दोन टोकांमधल्या हवेतून वीज जायला हवी, आणि हवा जितकी दाट तितकी ती वीज अडवते, कारण सुटे इलेक्ट्रॉन वेग घेण्याआधीच रेणूंना धडकत राहतात. १८८९ मध्ये जर्मनीत फ्रीडरिश पाशेन यांनी हे मोजलं होतं, लागणारं व्होल्टेज हे दाब गुणिले अंतर यावर ठरतं. आयडलला, म्हणजे पाय न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, इनटेकमधला (हवा आत येते त्या नळीतला) दाब बाहेरच्या हवेच्या साधारण एकतृतीयांश असतो आणि पूर्ण बूस्टला जवळपास दुप्पट, म्हणजे पाचसहा पट फरक, आणि पिस्टन त्याला वर अजून दाबतो. म्हणून टर्बो गाडीत प्लगचं गॅप कमी ठेवतात, बऱ्याचदा ०.७ ते ०.८ मिलिमीटर. प्लग झिजला की गॅप वाढतं, कॉइलला बारा व्होल्टचे वीसतीस हजार करायचे असतात ते अजून वाढवावे लागतात, आणि कुठे कमजोर जागा असेल तर वीज प्लगमध्ये न जाता तिथूनच बॉडीला उतरते.

मग मी सोपी परीक्षा केली. इंजिन थंड असताना, इग्निशन बंद करून, एक आणि दोन नंबरच्या कॉइलची अदलाबदल केली, बाकी काही हलवलं नाही. मोकळ्या चढावर एकदाच पाय दाबला, धक्का आला, लगेच सोडला. कोड आता पी०३०१. दोष कॉइलसोबत सरकला होता! काढून उजेडात धरली तर प्लगवर बसणाऱ्या रबरी बूटवर केसाएवढी काळी रेघ, वीज तिथून पळत होती. प्लगही मोजले, तिन्हींचं गॅप ०.९५ च्या पुढे गेलेलं. कॉइल एक आणि प्लग तिन्ही बदलले, नुसती कॉइल बदलली असती तर वाढलेल्या गॅपने नवीनवरही तोच ताण आला असता.

दोष कॉइलसोबत सरकला नसता तर प्लगची अदलाबदल, मग इंजेक्टर, आणि शेवटी कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन हवा नीट दाबतोय का ते. बूस्टला सुस्कारा ऐकू येऊन ताकद जात असेल तर इंटरकूलरचे (टर्बोची गरम हवा थंड करणारा भाग) पाइप आणि क्लॅम्प बघा. सकाळी थंड असतानाच थरथरत असेल आणि डायरेक्ट इंजेक्शनची, म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडणारी गाडी असेल तर इनटेक व्हॉल्व्हवर कार्बनचा थर असू शकतो, कारण त्या इंजिनात पेट्रोल व्हॉल्व्हवरून वाहून त्याला धूत नाही. आयडलपासून वरपर्यंत एकसारखंच मिसिंग असेल तर मला आधी कॉम्प्रेशनची शंका येते.

आणि दिवा लुकलुकत असेल तर घाट तसाच रेटू नका, पाय हलका करा आणि जागा मिळेल तिथे थांबा. न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टचा धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, आतली सिरॅमिकची जाळी वितळू शकते, आणि तो पार्ट एका कॉइलपेक्षा कितीतरी महाग असतो.