बुडी मारणारी बदके

पाण्यात पूर्ण बुडून तळाजवळचे अन्न मिळवणारी बदके (कुल ॲनॅटिडी). लालसरी, शेंडी बदक, कॅनव्हासबॅक इत्यादींचा ऐथियिनी हा गट येथे मुख्यतः अभिप्रेत आहे. आयडर, स्कोटर यांसारखी समुद्री बदकेही बुडी मारतात. परंतु त्यांचा मर्जिनी हा गट वेगळा मानतात. बुडी मारण्याची सवय बदकांत एकाहून अधिक वेळा स्वतंत्रपणे उद्भवली असावी, हे मत अधिक सयुक्तिक वाटते.

केवळ सवयीवरून गट ठरवणे किती अवघड आहे, हे भारतीय उपखंडातील गुलाबी डोक्याच्या बदकावरून दिसते. ते बहुधा पृष्ठभागावरच चरत असे, त्यामुळे पूर्वी त्याला तशाच बदकांत गणत. हंफ्री व रिप्ली या पक्षिशास्त्रज्ञांनी १९६२ मध्ये शरीररचनेच्या आधारे ते लालसरींच्या जवळ नेले. पुढील अस्थी व डीएनए अभ्यासांचा कलही तिकडेच असल्याने येथे तेच मत ग्राह्य धरले आहे. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर या पक्ष्याची खात्रीची नोंद नाही.

पाय शरीराच्या बरेच मागे असल्याने ही बदके जमिनीवर अवघडून चालतात. पावले मोठी असून मागच्या बोटाला कातडीची झालर असते. बुडी घेण्यापूर्वी पक्षी पिसे अंगाशी दाबून त्यांतील हवा घालवतो, किंचित उसळी घेतो व मान वाकवून खाली शिरतो. पायांच्या फटक्यांनी तो तळाशी टिकून राहतो. शरीराच्या मानाने पंख लहान असल्याने उडताना पाण्यावर काही अंतर धावावे लागते.

पाणवठ्याची निवड खोली व तळावरील अन्नावर ठरते. शेंडी बदक साधारण काही मीटर खोलीपर्यंतच जाते. लांबशेपट्या समुद्री बदक मात्र सुमारे ६० मी. खोल गेल्याच्या नोंदी आहेत. कॅनव्हासबॅकचा मुख्य आहार पाण्यातील रानसेलरीचे कंद. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील चेसापीक उपसागरातील ही वनस्पती घटल्यावर तेथील पक्षी शिंपल्यांकडे वळले.

मादागास्करची लालसरी नामशेष झाली, असे समजले जात होते. २००६ मध्ये ती उत्तर भागातील एका ज्वालामुखी विवराच्या सरोवरात पुन्हा आढळली. पाणी खोल व अन्न तुटपुंजे असल्याने तेथे बहुतेक पिल्ले जगत नसत. म्हणून बंदिवासात वाढवलेले पक्षी २०१८ मध्ये सोफिया सरोवरात सोडण्यात आले.