मुलाला ट्रायलमध्ये घेऊ का असं डॉक्टरांनी विचारलं तर… सही करायच्या आधी (इंदूरकरांसाठी)

आमच्या रामबागेतल्या ग्रुपवर एका ताईंनी मेसेज टाकला, मुलीला दम्यासाठी दाखवायला गेले तर डॉक्टर म्हणाले एका स्टडीत घेऊ का, औषध फुकट, हा चौदा पानांचा कागद वाचून सांगा. झालं, निम्मे म्हणाले "पळा तिथून", निम्मे म्हणाले "फुकट आहे ना, घ्या की". कागद कोणीच वाचला नव्हता. मी काही वर्षं असल्याच कागदांचं काम केलंय म्हणून लिहितेय.

ट्रायल (नवीन औषध किंवा लस माणसांवर तपासून बघणं) म्हणजे फसवणूक असं नसतं. मोठ्यांची गोळी अर्धी करून मुलांना देता येत नाही, तान्ह्या बाळाचं लिव्हर-किडनी औषध वेगळ्याच वेगाने बाहेर टाकतं, त्यामुळे मुलांचं औषध मुलांवरच तपासावं लागतं. सरकारी लसीकरणात 2016 पासून रोटाव्हायरसची (बाळांच्या जुलाबांवरची) जी देशी लस मिळायला लागली ती आधी दिल्ली, वेल्लोर आणि पुण्याकडच्या मिळून 6,799 बाळांवर तपासलेली. पण इंदूरचे लोक या नावाने दचकतात तेही उगाच नाही. रुग्णांना नीट न सांगता ट्रायल केल्याच्या आरोपांवरून इथल्याच स्वास्थ्य अधिकार मंच या संस्थेने 2012 मध्ये सुप्रीम कोर्टात याचिका केली आणि 2013 मध्ये कोर्टाने सांगितलं की संमती घेतानाचं रेकॉर्डिंग करा. आज नवीन रेणूच्या (म्हणजे आधी कधीच न वापरलेल्या रसायनाच्या) औषधाची ट्रायल असेल तर मुलांच्या बाबतीत कॅमेरा लावूनच संमती घ्यावी लागते. म्हणजे कॅमेरा दिसला की घाबरू नका, तो तुमच्या बाजूचा आहे.

आता पात्रता. डॉक्टरांच्या ओळखीने नाव लागत नाही, प्रोटोकॉलमध्ये (स्टडीच्या लेखी आराखड्यात) आधीच लिहिलेलं असतं कोण चालेल कोण नाही: वय, वजन, आजार किती जुना, आधी कुठल्या लसी झाल्या, दुसऱ्या ट्रायलमध्ये नाव आहे का. वयाचं फार काटेकोर असतं, त्या रोटाच्या ट्रायलमध्ये 6-7 आठवड्यांचीच बाळं घेतली होती. म्हणून जन्माचा दाखला आणि लसीकरणाचं कार्ड हे दोन आधी शोधा, मग जुने रिपोर्ट, डिस्चार्जचा कागद, सध्या चालू असलेल्या औषधांची चिठ्ठी (होमिओपॅथी, काढे सगळं सांगायचं, लपवलं तर पोराच्याच अंगाशी येतं) आणि आईवडिलांचं ओळखपत्र. आईवडील नसतील तर कायदेशीर पालक असल्याचा कागद लागतो, आजी-मावशीने नुसती सही करून चालत नाही.

फॉर्ममध्ये तुमचं शिक्षण, धंदा, वर्षाचं उत्पन्न आणि नॉमिनीचं नाव विचारतात. नॉमिनी वाचून लोकांच्या पोटात गोळाच येतो, पण ती माहिती 2019 च्या नव्या औषध व क्लिनिकल ट्रायलच्या नियमांतच मागितलेली आहे, सगळ्यांनाच भरावी लागते.

सही कोणाची? धोका किरकोळ असेल किंवा मुलाला थेट फायदा असेल तर एका पालकाची बहुतेकदा पुरते. धोका जास्त आणि फायदा नाही असं असेल तर दोघांची मागू शकतात. आणि मुलाची! हे बहुतेकांना माहीतच नसतं. आयसीएमआरच्या (केंद्र सरकारची वैद्यकीय संशोधन परिषद) 2017 च्या नियमावलीप्रमाणे 7 च्या खाली मुलाचा होकार नोंदवायची गरज नाही, 7 ते 12 मध्ये तुमच्या समोर तोंडी होकार घेऊन तो लिहून ठेवायचा, 12 च्या वर 18 पर्यंत लेखी. स्टडी चालू असताना पोरगं 18 चं झालं तर त्याची स्वतःची संमती पुन्हा घेतात. ज्या पालकाला वाचता येत नाही त्याच्यासाठी स्टडीशी संबंध नसलेला एक साक्षीदार बसवावा लागतो.

कागद हिंदीत असतो आणि ती हिंदी, खरं सांगते, आकाशवाणीच्या बातम्यांसारखी. "यादृच्छिक" म्हणजे चिठ्ठी टाकून ठरवणार की मुलाला नवीन औषध द्यायचं की दुसरं, डॉक्टर निवडत नाहीत. "प्लेसिबो" म्हणजे औषधासारखं दिसणारं, पण आत औषध नसलेलं. हा शब्द दिसला तर विचारा की नेहमीचं औषध चालू राहणार का, हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. त्याच दिवशी सही करायची सक्ती नाही, घरी नेऊन वाचा. सहीनंतर भरलेल्या फॉर्मची एक प्रत तुम्हाला मिळायलाच हवी.

स्टडीच्या तपासण्यांचे पैसे तुमच्याकडून घ्यायचे नसतात, ये-जा खर्च मिळू शकतो. ट्रायलमुळे काही बिघडलं तर उपचार फुकट, आणि भरपाईही मिळते. मृत्यूसाठी सूत्रच ठरलेलं आहे, 8 लाख गुणिले वयाचा आकडा गुणिले जोखमीचा आकडा भागिले 99.37. सोळापर्यंतच्या मुलांसाठी वयाचा आकडा 228.54 आणि जोखमीचा 0.5 पासून (अगदी शेवटच्या टप्प्यातला आजार) 4 पर्यंत (निरोगी मूल). म्हणजे निरोगी मुलाच्या बाबतीत साधारण 73.6 लाख. लिहिताना हात थरथरतो पण माहीत असलेलं बरं. गंभीर काही झालं तर डॉक्टरांना 24 तासांत वर कळवावं लागतं.

आणि घरी बसून एक काम करा, सीटीआरआयने (ट्रायलची सरकारी रजिस्ट्री) सुरू होणारा नंबर कागदावर बघा, नसेल तर डॉक्टरांकडे मागा आणि तो त्या रजिस्ट्रीच्या साइटवर टाका, फुकट दिसतं, कुठे चाललीय, किती मुलं, एथिक्स कमिटीची (स्टडीत लोकांवर अन्याय होत नाही ना हे बघणारी समिती) मंजुरी आहे का. नंबरच नसेल तर तिथेच थांबा. एथिक्स कमिटीचा फोन नंबरही कागदावर असतो, तो डॉक्टरांसाठी नाही, तुमच्यासाठी असतो. मधेच बाहेर पडायचं असेल तर कारण द्यावं लागत नाही, नेहमीचा इलाज चालूच राहतो.

ताईंची मुलगी नऊ वर्षांची. त्यांच्या चौदा पानांत तिच्या होकाराची जागाच नव्हती. मी म्हटलं फोन करून विचारा, तर उत्तर आलं की तो फॉर्म वेगळा असतो, द्यायचा राहिला. आता तो आणायला सोमवारी मुलीला घेऊनच जाणार आहेत.