सटवाईच्या कागदावर कोण लिहितं?

आष्ट्याला भाचीच्या बाळाची पाचवी होती. पाटा-वरवंटा मांडला, हळदकुंकू वाहिलं आणि शेजारी कोरा कागद नि पेन ठेवलं. रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते, त्यासाठी ही तयारी. सकाळी कागद कोराच होता. मी तो आक्काला दाखवला, तर ती म्हणाली, "तिचं अक्षर आपल्याला दिसत न्हाई."

घरासमोर उसाचा फड होता आणि फडाच्या कडेला ऊसतोड टोळीच्या कोप्या, म्हणजे झोपड्या. त्यातल्या एकीत असंच काही दिवसांचं बाळ होतं. मुकादमाच्या वहीत त्याचे आई-बाप मिळून 'एक कोयता'. बाप पहाटे चारला फडात जायचा, आईही लवकरच जाणार होती. बाळाची साडीची झोळी बाभळीला बांधून तयार होती. दोन बाळं, मधे फक्त एक रस्ता. पन्नाशीत यांपैकी कोणाला रक्तदाब असेल, कोणाला मधुमेह, याचा थोडासा अंदाज आजही करता येतो. तो कसा, हे मला सांगायचं आहे.

इंग्लंडमध्ये हर्टफर्डशायर नावाची काउंटी आहे. तिथे १९११ पासून एथेल मार्गारेट बर्नसाइड या बाईंच्या देखरेखीखाली परिचारिका घरोघर जाऊन बाळांची वजनं करत. जन्माचं वजन, अंगावरचं दूध मिळतं की बाटलीचं, वर्षाचं झाल्यावरचं वजन, सगळं शाईने वहीत. या वह्या पुढे डेव्हिड बार्कर या डॉक्टरांच्या हाती लागल्या. त्यांनी १९११ ते १९३० दरम्यान जन्मलेल्या ५,६५४ पुरुषांचं पुढे काय झालं ते शोधलं. वर्षाच्या वयाला ज्यांचं वजन सर्वांत कमी भरलं होतं, त्यांच्यात हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण सर्वांत जास्त निघालं. हा निबंध १९८९ मध्ये छापून आला. हृदयविकार म्हणजे तूप, सिगारेट आणि साहेबी आयुष्याची किंमत, असं मानणाऱ्यांना हे पटणं जडच होतं.

आपल्याकडे पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि त्यांची मुलं अभ्यासत आले आहेत. तिथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या बाळांचं ३.५ किलो. गंमत पुढे आहे. आपल्या बाळांमध्ये स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण चरबी जवळजवळ शाबूत. दिसायला काटकुळं, आतून चरबीदार. असं मूल मोठं होऊन बऱ्यापैकी खायला लागलं की मधुमेहाकडे लवकर झुकतं.

पण बाळपणीची गोष्ट शरीर चाळीस-पन्नास वर्षं लक्षात कशी ठेवतं? माझा सगळ्यात आवडता भाग हाच आहे, त्यामुळे इथे जरा रेंगाळतो.

गच्चीवरची पाण्याची टाकी आठवा. पाणी वर आलं की आतला बॉल उचलला जातो आणि नळ बंद होतो. आपल्या शरीरात ताणाच्या वेळी असाच एक नळ उघडतो. मेंदूतला हायपोथॅलॅमस पीयूषिका ग्रंथीला निरोप देतो, ती मूत्रपिंडावर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथीला देते आणि रक्तात कॉर्टिसॉल उतरतं. रक्तातली साखर वाढते, रक्तदाब चढतो. अंगावर कुत्रं धावून आलं तर हे हवंच. नंतर तेच कॉर्टिसॉल मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागातल्या ग्राहींवर, म्हणजे निरोप पकडणाऱ्या रिसेप्टरवर, जाऊन बसतं आणि 'आता पुरे' असा निरोप जातो. हे ग्राही म्हणजे टाकीतला बॉल. ते कमी असले तर नळ उशिरा बंद होतो, दिवसातून अनेकदा टाकी वाहते आणि वर्षानुवर्षं हेच चाललं की रक्तवाहिन्या, साखर, झोप, प्रतिकारशक्ती सगळ्यांवर ओल चढते.

ग्राही किती, हे कशावर ठरतं? मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात मायकेल मीनी आणि मोशे झिफ यांनी उंदरांच्या आयांकडे पाहिलं. काही आया पिलांना खूप चाटतात, काही कमी. २००४ मध्ये त्यांच्या गटाने दाखवलं की हा ग्राही बनवणाऱ्या जनुकाच्या तोंडाशी एक जागा आहे, तिथे विशिष्ट प्रथिन येऊन बसलं तरच जनुक जोमाने चालतं. जन्मानंतर पहिल्याच दिवशी सगळ्या पिलांमध्ये त्या जागेवर मिथाइलचा गट, म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन, चिकटलेला सापडतो. कुलपात काडी मोडून अडकावी तसा. आई चाटते तेव्हा पिलाच्या मेंदूत सेरोटोनिन वाढतं, त्यातून ते प्रथिन वाढतं आणि आठवड्याभरात ती काडी निघते. कमी चाटलेल्या पिलांत ती तशीच राहते, मोठेपणीसुद्धा. डीएनएचं एकही अक्षर बदललेलं नसतं.

हे आनुवंशिक असेल, अशी शंका लगेच येते. म्हणून पिलांची जन्मानंतर काही तासांतच अदलाबदल केली. कमी चाटणारीच्या पोटचं पिलू जास्त चाटणारीकडे वाढलं, तर त्याच्या जनुकावरची खूण वाढवणाऱ्या आईप्रमाणे निघाली.

हे मिथाइलचे गट शरीराला पुरवण्यासाठी फोलेट आणि बी-१२ ही दोन्ही जीवनसत्त्वं लागतात. पुण्याच्या त्या गावांतल्या निम्म्याहून जास्त गर्भवतींमध्ये बी-१२ कमी होतं. ज्यांच्यात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्शुलिनला दाद न देण्याचं प्रमाण अधिक दिसलं. पुण्याची बाळं आणि मिथाइलची खूण, या दोन धाग्यांची गाठ इथे पडत असावी, असं मला वाटतं.

एवढं वाचून कुणी म्हणेल, म्हणजे शेवटी आईच जबाबदार. हा निष्कर्ष मला मान्य नाही, आणि त्यासाठी आणखी एक प्रयोग सांगतो. कॅलिफोर्नियात टॅली बराम यांच्या प्रयोगशाळेत उंदराच्या आईला घरट्यासाठी अगदी थोडं साहित्य दिलं. खाली जाळी, अंथरायला कागदाचा तुकडा. ती आई पिलांना सोडून गेली नाही. एकूण चाटणंही फारसं घटलं नाही. पण ते तुटक झालं. दोन क्षण चाटायची, उठून जायची, परत यायची. पिलांच्या ताणयंत्रणेवर याचा परिणाम मोठेपणापर्यंत टिकला. आई तीच, जात तीच. बदललं होतं फक्त अंथरूण.

कोपीतली आई मुलावर माया कमी करते, असं कुणी म्हणू नये. मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीवर चढताना तिला झोळीतल्या रडण्याकडे वळता येत नाही. उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, फिटायची असते, आणि खाडा धरला की पैसे कापतात.

दुसरीकडे शहरात गर्भसंस्काराच्या वर्गांना हजारो रुपये भरले जातात. अभिमन्यू पोटात चक्रव्यूह शिकला, म्हणून आपलं बाळ श्लोक शिकेल. शेवटच्या तिमाहीत गर्भाला ऐकू येतं आणि जन्मल्यावर तो आईचा आवाज ओळखतो, हे खरं आहे. शब्दांचा अर्थ मात्र त्याला कळत नाही. ग्रहणात विळीला हात न लावल्याने काही होत नाही. लोहाच्या गोळ्या, दूध-अंडी, नवव्या महिन्यात विश्रांती आणि घरात मारहाण नसणं, याने होतं. 'डीएनए शुद्ध करून देतो' म्हणणारी नवी दुकानंही निघाली आहेत, त्यांच्याकडे मिथाइलचं नाव असतं, पुरावा नसतो.

आणि ही अक्षरं काळ्या दगडावरची रेघ नाहीत. मीनींच्या गटाने मोठ्या उंदरांच्या मेंदूत एक औषध सोडून ती खूण उतरवून दाखवली. माणसात ते करता येत नाही, पण रुमानियात बुखारेस्टच्या अनाथालयांतल्या १३६ मुलांवर २००० साली सुरू झालेल्या अभ्यासात निम्म्या मुलांना पालककुटुंबं मिळाली, आणि साधारण दोन वर्षांच्या आत घर मिळालेली मुलं सर्वांत जास्त सावरली.

आपल्याकडे आया आणि लहान मुलांच्या पोषणासाठीची एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ पासून आहे. तिची अंगणवाडी आष्ट्यातही आहे. कोपीतल्या बाळाच्या आईचं नाव मात्र तिच्या गावाकडच्या अंगणवाडीत होतं. पाचवीच्या दुसऱ्या दिवशी मी आमच्या अंगणवाडीच्या ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "नाव कुठलं का असेना, चला." त्यांनी वजनकाटा उचलला, कोपीच्या दाराशी आडव्या बांबूला अडकवला, झोळीत बाळ ठेवलं. काटा स्थिर व्हायला वेळ लागला, कारण बाळ पाय झाडत होतं. दोन किलो तीनशे. ताईंनी पेन मागितलं. माझ्या खिशात आदल्या रात्रीचंच पेन होतं.