पनवेल परिसरात धंदा आणताय? जागा बघण्याआधी हे वाचा

पनवेल आणि आसपास गाळे, गोडाऊन आणि छोटी ऑफिसं भाड्याने किंवा विकत मिळवून देण्याचं काम आमची पेढी करते. दारात येणारा जवळजवळ प्रत्येक जण पहिल्यांदा हेच विचारतो : "एअरपोर्टच्या जवळ काही आहे का?" आम्ही उलट विचारतो, "तुमचा माल विमानाने जातो का?" बहुतेकांचा जात नाही. मग दोघंही हसतो, चहा येतो आणि खरं बोलणं सुरू होतं. ते बोलणं इथे लिहून काढलं आहे, म्हणजे प्रत्यक्ष भेटीत थेट जागेवरच बोलता येईल.

माणसं कशी येणार?

पनवेलचा सगळ्यात मोठा फायदा जाहिरातीत सहसा नसतो. तो म्हणजे उलटी गर्दी. सकाळी सगळं पनवेल, कामोठे, खारघर मुंबईकडे निघतं. पनवेलहून सुटणाऱ्या गाडीत खिडकी मिळावी म्हणून खांदेश्वर-मानसरोवरची माणसं आधी उलटी पनवेलला येतात आणि त्याच डब्यात बसून परत जातात. तुमचा कामगार मात्र त्याच वेळी मुंबईकडून पनवेलकडे येत असतो. त्याला बसायला जागा मिळते, संध्याकाळी परतीलाही मिळते. पगार थोडा कमी-जास्त असला तरी या एका गोष्टीवर माणसं टिकतात, हे आम्ही बघितलं आहे.

हार्बर लोकलने मुंबई सीएसएमटीहून पनवेलला सुमारे एक तास वीस मिनिटं लागतात. वडाळ्याहून फुटून अंधेरी-गोरेगावकडे जाणाऱ्या थेट गाड्याही आहेत. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने तासाभरात येता येतं, त्यामुळे कळवा-मुंब्र्यापर्यंतचा कामगार आवाक्यात येतो. वसई-दिवा-पनवेल मार्गावर गाड्या मोजक्या आहेत. वसईचा कामगार वेळेवर येईल या भरवशावर शिफ्ट लावू नका. कोकण रेल्वेच्या गाड्या पनवेलला थांबतात, आणि एसटीचं पनवेल आगार म्हणजे पेण, अलिबाग, महाड, पुणे या सगळ्या बाजूंचं तोंड. शिमग्याला आणि गणपतीला तुमची निम्मी माणसं रजेवर जाणार, हे आताच वहीत लिहून ठेवा.

दोन गोष्टींत लोक हमखास फसतात. पहिली, उरणची लोकल. खारकोपरपासून उरणपर्यंतचा मार्ग १२ जानेवारी २०२४ ला सुरू झाला, पण गाड्या नेरूळ आणि बेलापूरहून सुटतात. पनवेलहून उरणला जायचं तर गाडी बदलावी लागते. दुसरी, मेट्रो. १७ नोव्हेंबर २०२३ ला सुरू झालेली नवी मुंबई मेट्रो बेलापूर ते पेंधर धावते. ११ स्थानकं आहेत, खारघर आणि तळोजा वसाहतीच्या बाजूला ती उपयोगी. पनवेल स्टेशनात ती येत नाही. "मेट्रो टच" असं लिहिलेला गाळा दाखवला तर स्थानकापासून चालत जा आणि घड्याळ बघा.

साकीनाक्याहून आलेल्या एका ग्राहकाचं उदाहरण सांगतो. खोके बनवण्याचं काम, बारा-चौदा बायका कामाला, बहुतेक ठाणे-कळव्याच्या. त्यांना उलव्यात जागा हवी होती, कारण तिथून विमानतळ दिसतो. आम्ही म्हटलं, एक दिवस तुम्हीच सकाळी ठाण्याहून गाडी धरा आणि त्या जागेपर्यंत या. ते आले. घामाघूम होऊन आले, दोन वाहनं बदलून आले आणि आल्या आल्या म्हणाले, "स्टेशनच्या बाजूला काय आहे ते दाखवा." जुन्या पनवेलच्या औद्योगिक वसाहतीत त्यांनी गाळा घेतला. भाडं जरा जास्त बसलं, पण चौदापैकी एकीनेच काम सोडलं.

रविवारी काम चालवणार असाल तर मेगाब्लॉक लक्षात घ्या. हार्बरवर ब्लॉक असला की दुपारपर्यंत गाड्यांचा मेळ नसतो. आमचे बरेच ग्राहक साप्ताहिक सुट्टी रविवारीच ठेवतात, यामागे देवधर्म नाही, वेळापत्रक आहे.

माल कुठे जाणार?

कळंबोली सर्कलला पाच मिनिटं उभं राहा. एक रस्ता सायन-पनवेलवरून मुंबईत, एक तळोजा-शिळफाट्यावरून ठाण्याकडे, एक जेएनपीए (न्हावा-शेवा) बंदराकडे आणि एक पुण्याकडे. २००२ साली पूर्ण झालेला, साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा द्रुतगती मार्ग इथेच सुरू होतो. थोडं पुढे पळस्पे फाट्यावर मुंबई-गोवा महामार्ग फुटतो. इतके रस्ते एका जागी मिळणं ही पनवेलची खरी कमाई आहे, आणि तीच डोकेदुखीही. संध्याकाळी कंटेनरची रांग लागली की दोन किलोमीटरला पाऊण तास जातो. म्हणून गोडाऊन निवडताना आम्ही पहिल्यांदा विचारतो, तुमच्या गाड्या सर्कल ओलांडून जाणार की न ओलांडता? बंदराचा माल असेल तर सर्कलच्या बंदराकडच्या बाजूला, पुण्याचा असेल तर पुण्याकडच्या बाजूला. एवढं एक ठरलं तरी निम्मी यादी कापली जाते.

न्हावा-शेवाचं बंदर १९८९ पासून चालू आहे. आयात-निर्यात करणाऱ्यांना पनवेल-उरण पट्टा त्यामुळेच सोयीचा. लोखंड-पोलादवाल्यांसाठी कळंबोलीचा लोखंड बाजार आहे. तिथे माथाडी कामगारांची रीत आधी समजून घ्या, माथाडी मंडळाची नोंदणी आणि लेव्ही (मजुरीवर मंडळाला भरायची रक्कम) खर्चात धरा. नंतर कळलं की भांडण होतं, आणि त्या भांडणात गोडाऊनवाला जिंकल्याचं आम्ही अजून बघितलेलं नाही.

अटल सेतूचं उद्घाटनही त्याच १२ जानेवारी २०२४ ला झालं. शिवडी ते चिर्ले, २१.८ किलोमीटर, त्यातला साडेसोळा किलोमीटरचा भाग समुद्रावर. दक्षिण मुंबईत रोज बैठका असणाऱ्यांना तो वरदान आहे. मात्र दुचाकी आणि रिक्षाला तिथे बंदी आहे. कारचा टोल सुरुवातीला एका फेरीला २५० रुपये ठरला होता. तुमचा डिलिव्हरीवाला मोटरसायकलवर असेल तर सेतू तुमच्या हिशेबात धरू नका. द्रुतगती मार्गावरही दुचाकी चालत नाही.

गणपतीच्या दिवसांत मुंबई-गोवा महामार्गावर अवजड वाहनांना बंदी असते. कोकणात माल जाणाऱ्यांनी त्या आधीच्या आठवड्यात साठा पुढे सरकवायचा असतो. त्यासाठी तिकडे छोटी जागा पाहून ठेवा, आम्ही मदत करतो.

आता आमची एक चूक. धंद्याच्या सुरुवातीला आम्ही एका ग्राहकाला छान गोडाऊन मिळवून दिलं. उंची चांगली, शटर मोठं, पत्रा नवा. पहिला चाळीस फुटी कंटेनर आला आणि गल्लीच्या वळणावर अडकला. ट्रेलरचं नाक आत, शेपूट रस्त्यावर. रात्रभर तो तसाच उभा. सकाळी चार टेम्पो लावून माल आत नेला, त्यातल्या दोन टेम्पोंचं भाडं आम्ही भरलं. तेव्हापासून आमच्या पिशवीत पन्नास मीटरचा फीत-टेप असतो. जागा दाखवायच्या आधी आम्ही वळण मोजतो, रस्त्यावर लोंबणारी विजेची वायर किती उंचीवर आहे ते बघतो, आणि प्लिंथ (गोडाऊनच्या जोत्याची उंची) ट्रेलरच्या पाट्याशी जुळते का ते पाहतो. जुळत नसेल तर हमाली दुप्पट होते.

विमानतळाचा विषय

नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं सुरू झाली. पहिल्या टप्प्यात वर्षाला दोन कोटी प्रवाशांची क्षमता धरली आहे. मालवाहतुकीची सोयही आहे. औषधं, ताजी फुलं, मासळी, हापूस, महागडे सुटे भाग असा वेळेला बांधलेला माल असेल तर विमानतळाजवळची जागा तुमच्या कामाची. हॉटेल, केटरिंग, टॅक्सी, लाँड्री यांनाही काम आहे. प्लास्टिकच्या बादल्या बनवणाऱ्याने मात्र विमानतळाच्या नावाचं भाडं देण्याचं कारण नाही.

बांधकाम करायचं असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. विमानतळाच्या परिसरात इमारतीच्या उंचीला मर्यादा असते आणि विमानतळ प्राधिकरणाचा उंचीचा दाखला लागतो. उंच रॅकचं गोडाऊन किंवा चिमणी असलेली शेड बांधण्याचा विचार असेल तर जमिनीचा सौदा होण्याआधी हा दाखला मिळेल का ते तपासा. टोकन देऊन मग शोधाशोध करणारे आमच्याकडे दर महिन्याला येतात.

जमीन आणि कागद

गुंतवणूक म्हणून जागा घेणाऱ्यांसाठी हा भाग. सिडकोने दिलेले भूखंड भाडेपट्ट्यावर असतात, साधारण ६० वर्षांच्या. एमआयडीसीचे (तळोजा, पाताळगंगा) ९५ वर्षांच्या. दोन्हीकडे नाव बदलायला परवानगी आणि हस्तांतरण शुल्क लागतं. एमआयडीसीत पोटभाड्यालाही परवानगी लागते. "मालकीचा गाळा" असं कुणी म्हणालं तर करारातलं पहिलं पान वाचून घ्या.

साडेबारा टक्क्यांचे भूखंड हा इथला खास शब्द. १९८४ च्या जानेवारीत उरणजवळच्या जासईला शेतकरी नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली, नवी मुंबईसाठी जमिनी गेलेल्या प्रकल्पग्रस्तांचं मोठं आंदोलन झालं, त्यात गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. संपादित जमिनीच्या बदल्यात तिच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना या लढ्यातून आली. हे भूखंड आज अनेक वारसांच्या नावावर आहेत. व्यवहार करायला हरकत नाही, पण सगळ्या वारसांच्या सह्या झाल्याशिवाय पैसे देऊ नका. एक बहीण पुण्याला असते, तिला कुणी विचारलेलं नसतं.

नैना क्षेत्रासाठी (विमानतळाभोवतीचा अधिसूचित पट्टा) सिडको २०१३ पासून नियोजन प्राधिकरण आहे. तिथे नगररचना परियोजनेत जमिनीचा आकार आणि जागा दोन्ही बदलतात. तुम्ही बघून आलात तो आंब्याच्या झाडाचा कोपरा उद्या रस्त्यात असू शकतो. सात-बारा घ्या, पण त्याबरोबर परियोजनेचा नकाशाही बघा.

दुबई-मस्कतहून फोन करणाऱ्या मराठी मंडळींना आम्ही नेहमी सांगतो : अनिवासी भारतीयांना शेतजमीन किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. इथे राहणारा पण शेतकरी नसलेला माणूसही साध्या मार्गाने शेतजमीन घेऊ शकत नाही. "नंतर बिनशेती करून देतो" या शब्दावर चेक फाडू नका. "प्रस्तावित" स्टेशनाचंही तसंच. गाडी धावेल त्या दिवशी भाव देऊ.

पाणी आणि पाऊस

जुन्या पनवेलला देहरंग धरणाचं पाणी येतं. उन्हाळ्यात ते आटतं, टँकर लागतात. पाणी खाणारा धंदा (खाद्यप्रक्रिया, धुलाई, बर्फ) असेल तर मे महिन्यात येऊन नळ उघडून बघा. पावसाळ्यासाठी आमचा नियम असा की, कळंबोली आणि गाढी नदीच्या बाजूची जागा जुलैत एकदा, मुसळधार पावसातच, बघितल्याशिवाय आम्ही शिफारस करत नाही. २००५ च्या जुलैतलं पाणी कुठवर आलं होतं, ते शेजारचा दुकानदार भिंतीवर हात ठेवून दाखवतो.

भेटीला येताना

तुमच्या गाड्यांची लांबी, कामगार कुठून येतात त्याची यादी, विजेचा भार किती लागतो आणि पाणी रोज किती लिटर, एवढं कागदावर आणा. उद्यम नोंदणी असेल तर तिची प्रतही. भाडेकरार आम्ही नोंदणी करूनच करतो, अकरा महिन्यांचा असो की पाच वर्षांचा. साध्या स्टँपपेपरवर होणार नाही, आग्रह करू नये. आमची दलाली एक महिन्याचं भाडं, तीही करार नोंदल्यावर. जागा दाखवायचे पैसे नाहीत, पण चाळीस फुटी गाडी घेऊन जागा तपासायची असेल तर डिझेल तुमचं.

ऑफिस सकाळी दहा ते संध्याकाळी सात. बुधवारी बंद, त्या दिवशी आम्ही टेप घेऊन फिरत असतो.